कात्रजहून येणारं स्टूल

आमच्या घरात वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त. वडील कारखान्यातल्या युनियनचे, आई महिला संघटनेची. त्यामुळे इतर मुलं 'कमळ', 'बदक' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. एवढ्या शिक्षणाच्या जोरावर मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, लग्नसराईपुरती, कसबा पेठेजवळच्या एका साड्यांच्या दुकानात लागले. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने नियम सांगितला. इथे बसायचं नाही.

गिऱ्हाइकांना गुबगुबीत खुर्च्या होत्या. मालकांना वरच्या मजल्यावर गोल फिरणारी. काउंटरमागच्या आम्हा दहा जणींना सकाळी दहापासून संध्याकाळी आठपर्यंत फरशी, तीही पायांखाली. बसलेला नोकर आळशी दिसतो, हे मालकांचं मत होतं आणि ते त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसून बनवलं होतं.

त्यांच्या वडिलांच्या काळी दुकानात पांढरी गादी असायची. विकणारे, घेणारे, सगळे तिच्यावर मांडी घालून बसत. मग हे मालक हिंजवडीच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर करून आले. गादी माळ्यावर गेली, काउंटर आले, आणि कालपर्यंत सगळ्यांचे 'दादा' असलेले ते 'सर' झाले.

एक काकू मात्र त्यांना दादाच म्हणायच्या. बावीस वर्षं तिथे होत्या. मालकांना त्यांनी शाळेच्या गणवेशात, नाक पुसत आलेलं पाहिलं होतं. अशा माणसाला सर म्हणणं अवघडच. काकूंच्या पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या. तासातासाला बसा, नाहीतर नोकरी सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे सल्ल्याचा दुसरा भाग त्यांनी ऐकून सोडून दिला.

एका सोमवारी दुकान उघडण्याआधी आमच्यासाठी व्याख्यान ठेवलं गेलं. विषय 'धैर्य, चिकाटी आणि नेतृत्व'. वक्ते खुर्चीत, मालक खुर्चीत, आम्ही दीड तास उभ्या. वक्ते चकचकीत बूट हलवत म्हणाले, "डोळे मिटा. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मग त्यांनी काकूंकडे बोट केलं.

"बसलेली बघते," काकू म्हणाल्या.

वक्त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते फार सखोल वाटलं.

माझं रक्त उसळलं, म्हणजे मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. दोन पानी. श्रमिक स्त्रीचं ऐतिहासिक शोषण, भांडवलाचा बदलता चेहरा, शेवटी तीन मागण्या. शंभर प्रती काढल्या. मैत्रिणींनी घेतल्या, "छान लिहितेस गं," म्हणाल्या आणि साड्यांच्या घड्यांमध्ये घातल्या. घडी ताठ राहायला आत कागद लागतोच. माझे विचार अशा रीतीने बनारसी आणि कांजीवरममधून घरोघरी पोचले.

पूर्ण वाचलं ते फक्त काकूंनी.

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण अगं, खुर्चीचं नाव दुसऱ्या पानावर येतं. तोवर माझे पाय गेले."

दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून एक निळं प्लास्टिकचं स्टूल घेऊन आल्या. न्हाणीघरातलं, बुटकं. काउंटरमागे ठेवलं आणि बसल्या. पाच मिनिटांत सुपरवायझर आला आणि ते उचलून गोदामात ठेवून आला. काकू उभ्या राहिल्या. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "माझं स्टूल द्या. घरी आंघोळीला लागतं." आंघोळीविरुद्ध दुकानाचा काही नियम नव्हता. त्याने दिलं.

मग हे रोज. सकाळी स्टूल यायचं, जप्त व्हायचं, संध्याकाळी सुटायचं, काकूंच्या घरी कात्रजला जायचं. बसमध्ये जागा नसली की काकू त्याच्यावरच बसायच्या. दोन आठवडे हे चाललं. आम्ही गालातल्या गालात हसायचो, मीसुद्धा. शोषणावर दोन पानं लिहिणारी मी, बाजूला साधं दुसरं स्टूल ठेवायची हिंमत माझ्यात नव्हती.

शेवटी मालक स्वतः खाली आले.

"अहो काकू, उद्या स्टूल दिसलं तर तुम्हीही दिसायचं नाही."

"बरं, दादा."

दुसऱ्या दिवशी काकू रिकाम्या हातांनी आल्या. संपलं, असं आम्हाला वाटलं. त्यांनी माळ्यावरून जुन्या गादीची पांढरी चादर काढली, झटकली, कोपऱ्यात फरशीवर अंथरली आणि मांडी घालून बसल्या. सुपरवायझर धावला.

"स्टूल नाहीये," काकू म्हणाल्या.

तो वर कळवायला गेला, तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या एक आजी आत शिरल्या, नातीच्या लग्नाच्या खरेदीला. काउंटरकडे त्यांनी बघितलंही नाही. "हे बरं केलंत. त्या खुर्च्यांवर पाय लोंबकळतात," असं म्हणून चपला काढून त्या काकूंसमोर बसल्या. मागून सुना, नात, नातीची होणारी सासू. चादरीवर साड्यांचा ढीग झाला. मालक जिन्यावरून तरातरा उतरले, आणि कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतंय हे दिसताच शेवटच्या पायरीवर त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

आठवड्याभरात माळ्यावरची गादी खाली आली. वर पाटी लागली, 'पारंपरिक बैठक'. व्यापाऱ्यांच्या एका संमेलनात मालकांनी भाषणही केलं: माझ्या माणसांना मी मानाची बैठक दिली, त्यासाठी धैर्य लागतं. मोबाइलवर ते ऐकून मी खुलासा लिहायला बसले. काकूंनी थांबवलं.

"बोलू दे गं त्यांना. जितकं बोलतील तितकी ती गादी काढणं अवघड जाईल."

पण गादीवर जागा एकट्या काकूंचीच होती. बाकीच्या नऊ जणी अजून उभ्याच. त्यावर काकूंनी भाषण केलं नाही. दर थोड्या वेळाने त्या एकीला हाक मारायच्या, "ये गं, घडी घालायला." ती यायची, बसायची. मग दुसरी.

एकदा मालकांनी खाली येऊन विचारलं, "इथे कायम दोघी कशाला?"

"नऊवारीची घडी एकटीला येत नाही, दादा."

मालकांनी मान डोलावली. तीन पिढ्यांचा साड्यांचा धंदा, पण साडीची घडी त्यांनी कधी घातली नव्हती.

त्या वेळी गादीवर मी होते. मालक जिना चढून गेले तेव्हा आमची घडी घालून झाली होती. मी उठायला लागले तर काकूंनी ती साडी ओढून पुन्हा सगळी उलगडली.

"बैस," त्या म्हणाल्या. "जरा वाकडी झाली."