कोंबड्यांच्या खाद्याची चव

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी चवसाहेबांनी घरच्या चहाला नापास केलं. तिसऱ्या दिवशी नळाच्या पाण्याला. चौथ्या दिवशी त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, म्हणाल्या, "अहो, ही जीभ जरा मागच्या अंगणात न्या. तिथे एकशे वीस कोंबड्या आहेत, त्यांच्यावर करा साहेबगिरी."

टोमणा होता तो. पण आयुष्यभर हुद्द्यात राहिलेल्या माणसाला टोमणा आणि नेमणूक यांतला फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून जाळीपुढे हजर.

फळांच्या रसाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. प्रत्येक घाण्यातला पहिला चमचा त्यांच्या जिभेवर पडायचा. डोळे मिटायचे, रस गालात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि म्हणायचं, "पास." गल्लीनं त्यांचं बारसं केलं ते यावरून. शेवटची नऊ वर्षं तिथे रसातली साखर मोजणारं यंत्र होतं आणि घाणा पास व्हायचा तो यंत्राच्या आकड्यावर. हे गल्लीला ठाऊक होतं, काकूंनाही. साहेबांना मात्र चमचा मिळत राहिला. ते डोळे मिटायचे तेव्हा बाटल्या ट्रकमध्ये चढत असायच्या.

कोंबड्या काकूंच्या. बारा पिल्लांपासून त्यांनी त्या वाढवल्या होत्या. दारावरची पाटी साहेबांची, हॉलमधली मोठी खुर्ची साहेबांची, भिंतीवरचा निरोपसमारंभाचा फोटोही साहेबांचाच. काकू त्यात कडेला अर्ध्या दिसतात. पण कोपऱ्यावरच्या बेकरीत रोज सकाळी तीन ट्रे अंडी जायची आणि त्या ट्रेंवर खडूनं काकूंचं आद्याक्षर असायचं. एवढी एकच जागा, जिथे त्या पूर्ण दिसत.

त्या वर्षी मका मिळेनासा झाला. साहेबांना कारखान्यामागचा चोथ्याचा ढीग आठवला. सफरचंद, अननस, संत्री पिळून उरलेला गाळ आणि साली रोज ट्रॉलीनं बाहेर टाकल्या जात. कल्पना वाईट नव्हती, हे त्यांच्या बाजूनं आधीच सांगून टाकते. कोंबड्या तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "चालेल की. फक्त कडकडीत वाळवा, दळा, आणि नेहमीच्या खाद्यात दहा मापांना एक माप घाला. जास्त नाही."

पहिला चोथा काकूंनी वाळवला. गच्चीवर ताडपत्री, चार दिवस ऊन, दर तासाला उलथापालथ. पाचव्या दिवशी मूठभर चोथा पत्र्याच्या डब्यात घालून त्यांनी कानाशी हलवला. खडे वाजावेत तसा वाजला. "झाला," त्या म्हणाल्या. कोंबड्यांनी खाल्ला, अंडी दिली, विषय संपला.

संपायचाच. पण साहेबांनी एक चिमूट जिभेवर ठेवली.

"भुसा आहे हा!"

"मग काय शिरा हवाय त्यांना?"

"अगं, सगळी चव उन्हानं खाल्ली. थोडा ओलावा ठेवावा. ओलाव्यात गोडी असते."

"डबा वाजला की मी उतरवते. मला तेवढंच कळतं."

"अन्न आहे ते, खुळखुळा नाही."

काकूंनी डबा पुन्हा फळीवर ठेवला. पण त्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांना तीन आठवडे तिच्या गावी जावं लागलं. निघताना त्यांनी डबा साहेबांच्या हातात दिला. "चार दिवस ऊन. दहाला एक. आणि हा वाजला पाहिजे." साहेबांनी मान हलवली. डबा त्यांनी चष्म्याचं घर ठेवायला घेतला.

पुढचे तीन आठवडे आमच्या गल्लीनं विज्ञान पाहिलं. साहेब गच्चीवर मांडी घालून बसत, चमच्यानं चोथा चाखत, वहीत "मधुर", "किंचित आंबट", "उत्तम" असे शेरे लिहीत. आंबट ढीग नापास. मधुर ढीग दोनच दिवसांत पोत्यात, कारण तिसऱ्या दिवशी चव उतरते. दहाला एक हे प्रमाण त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या भित्रेपणाच्या खात्यावर टाकलं आणि स्वतःच्या अधिकारात दहाला तीन केलं. फोनवर काकूंनी रोज विचारावं, "कशा आहेत?" आणि साहेबांनी सांगावं, "माल फर्स्ट क्लास आहे." काकूंनी कोंबड्यांबद्दल विचारलं होतं.

काकू परतल्या तेव्हा फाटकापाशीच शिळ्या दारूसारखा वास आला. पोत्यांना हात लावला तर ती कोमट लागली. कोंबड्या पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसलेल्या. काकूंनी मोजल्या. नऊ कमी.

"वय झालं होतं त्यांचं," साहेब म्हणाले.

"नऊ जणींचं एकदम?"

साहेब लिंबाच्या झाडाखालच्या ताज्या मातीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते, म्हणून काकूंनी तिकडेच बघितलं.

संध्याकाळी बेकरीवाला स्वतः आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला. "काकू, तीन ट्रेंचे दीड झाले. मी काही बोललो नाही, तुम्ही गावाला होतात. पण मोठ्या फार्मची गाडी दारावरून जाते रोज. त्याला कायमचं हो म्हणू का?"

"तीन आठवडे थांबा."

"तोवर मी त्याच्याकडून घेतो. तीन आठवड्यांनी तुमचे ट्रे भरले, तर तुमचे. नाही तर मला माफ करा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक ढेकूळ बाहेर काढून फोडलं. आत हिरवी बुरशी.

"किती दिवस वाळवलं?"

"दोन," साहेब म्हणाले. "जास्त वाळवलं की गोडी जाते. मी स्वतः चाखून पास केलंय."

डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग त्यांना समजलं की हा विनोद नव्हता. "साहेब, कोंबडीला गोड कळत नाही. तिच्या जिभेवर गोडाची सोयच नाही."

साहेबांनी फुटलेलं ढेकूळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मग ती खाते कशासाठी?"

"पोट भरायला."

काकू खुराड्याच्या दाराला टेकून उभ्या होत्या. नऊ कोंबड्या, दीड ट्रे, तीन आठवड्यांच्या फोनवरचा तो फर्स्ट क्लास माल. एक वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. यंत्राबद्दलचं. तुमच्या चमच्याआधीच ट्रक सुटायचे हो, एवढंच. साहेबांच्या हातात चमचा होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. काकूंनी ते वाक्य गिळलं. ते गोड नसणार.

"फावडं आणा," त्या म्हणाल्या. "खड्डा खणायचाय."

पोती पुरली. भांडी उकळत्या पाण्यानं धुतली. गावभर हिंडून काकूंनी मका मिळवला आणि कोंबड्यांना नुसत्या मक्यावर आणि स्वच्छ पाण्यावर आणलं. दुसऱ्या आठवड्यात तुरे पुन्हा लाल दिसू लागले. मग काकूंनी चष्म्याचं घर बाहेर काढून डबा परत घेतला, नवा चोथा चार दिवस उन्हात ठेवला, वाजवला आणि दहाला एक घातला.

एकविसाव्या सकाळी काकू ट्रे घेऊन बेकरीत गेल्या. तिसऱ्या ट्रेमध्ये सहा खळगे रिकामे होते. बेकरीवाल्यानं ते पाहिले. काकूंनी त्याला ते पाहताना पाहिलं. तेवढ्यात फार्मची गाडी दाराशी येऊन हॉर्न वाजवू लागली.

"जा रे बाबा तू," बेकरीवाला आतूनच ओरडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "त्याला काकू म्हणता येत नाही हो. सहा उद्या आणा."

चवसाहेब आता गल्लीत सांगतात की खाद्यातला गोडवा काढून टाकायचा निर्णय त्यांनीच घेतला, आणि कोंबडीच्या जिभेवर त्यांचा अभ्यास आहे. आम्ही ऐकतो. कोणी हसत नाही, निदान समोर तरी.

रोज सकाळी काकू खाद्य कालवतात, पन्हाळींत ओततात, मग अंगणातून हाक मारतात, "अहो, बघता का जरा?" साहेब इस्त्रीच्या शर्टात येतात. काकू त्यांच्या हातात चमचा देतात. ते डोळे मिटतात, गालात घोळवतात, बादलीत थुंकतात.

"पास," ते म्हणतात.

कोंबड्यांचं तोवर अर्धं खाऊन झालेलं असतं.