जावयाची नखं

माझ्या पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं इतकी घाण झाली होती की मी बायकोसमोरही मोजे काढत नसे. पिवळी, जाड, कोपऱ्यात भुगा होणारी. मी खासगी शाळेत शिकवतो, तिथे बूट सक्तीचे. बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यातही नायलॉनचे मोजे चढवून दिवसभर उभा राहायचो. बूटही टोकदार, एका नंबरने लहान. ऐट करायची हौस, दुसरं काय.

आणि वर हा धोंड्याचा महिना. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात आमच्याकडे लेक-जावयाला जेवायला बोलावतात, आणि सासरा जावयाचे पाय परातीत धुतो. मागच्या खेपेला मी सरळ थाप मारली, सुट्टी मिळत नाही म्हणून. बायको एकटीच निंबोल्याला माहेरी गेली आणि परत आल्यावर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढचा धोंडा सव्वा वर्षावर आला तेव्हा तिने बजावलं, "या वेळी तुम्ही नाही आलात तर मीही जाणार नाही. बाबांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

मग काय, काढले मोजे आणि दाखवले पाय. ती हसली नाही हे माझं नशीब. फक्त म्हणाली, "एवढ्यासाठी?"

त्यानंतर मी मोबाइलवर बघून बघून उद्योग केले. लसूण ठेचून बांधला, व्हिनेगरमध्ये पाय बुडवले, लिंबावर खायचा सोडा टाकून घासलं. कातडीची आग आग झाली, नखं जशीच्या तशी. "पायांना फोडणी दिली का काय," म्हणत बायकोने खिडक्या उघडल्या आणि दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नखाचा तुकडा तपासून घेतला. बुरशी नव्हती, बुटाचा मार होता. "मोकळं ठेवा, कोरडं ठेवा, सरळ कापा. आणि लसूण भाजीत घाला," ते म्हणाले.

एवढंच? मला तर फसवल्यासारखं वाटलं. पण केलं. ऐसपैस बूट घेतले, सुती मोजे घेतले, घरात अनवाणी राहायला लागलो. दर रविवारी गच्चीवर कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं, नख मऊ झालं की वरचा जाड थर कानशीने हलकेच उतरवायचा, कोपरे कोरायचे नाहीत, बोटांच्या बेचक्या पुसायच्या आणि नखाच्या मुळाशी खोबरेल तेलाचा एक थेंब जिरवायचा. दोन महिने काही म्हणजे काही झालं नाही. माझी चिडचिड घरातल्या सगळ्यांनी सोसली.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी नखाच्या मुळाशी गुलाबी पट्टी दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी रुंद, गुळगुळीत, तान्ह्या बाळाच्या नखासारखी. मी चष्मा पुसून परत पाहिलं. होती, खरंच होती. मग शाळेतली पट्टी लावून दर महिन्याला मोजायला लागलो. महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर.

वीस वर्षं मी वर्गात सांगत आलो की नख निर्जीव असतं. ते खरंच आहे, पण ते कुठून येतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी झोपेत असताना, वह्या तपासताना, कुणावर तरी ओरडताना ते आपलं पुढे सरकत होतं. इतकी वर्षं मी त्याला बुटात चेंगरलं, पण त्याने एक दिवस काम थांबवलं नव्हतं. हे आपल्याच अंगात चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही, याचं मला इतकं नवल वाटलं की गच्चीवर बसल्या बसल्या डोळे भरून आले. अंगठ्याकडे बघून रडलो, हे सांगणार तरी कुणाला?

धोंडा आला तोवर उजवं नख अगदी स्वच्छ झालं होतं. डाव्याचा एक कोपरा अजून पिवळा होता. निंबोल्याला मी पाटावर बसलो आणि सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, परात घेऊन समोर बसले. मी डावा पाय हळूच मागे घेतला.

तेवढ्यात त्यांचे हात दिसले. मामांची केळीची बाग आहे. केळीचा चीक नखांत बसतो, काळा होतो, साबणाने जात नाही. बारा वर्षांत त्यांची नखं मी काळीच पाहिली होती. आज ती पांढरी होती आणि कडेची कातडी घासून घासून लाल झालेली.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, केळीला हात नाही लावला यांनी. रोज तेल लावायचं आन् लिंबानं घासायचं. जावईबापूंच्या पायाले काळे हात कसे लावू म्हणे. मागच्या धोंड्यालेही असंच केलं होतं."

"तू गप बैस," मामा म्हणाले.

मला कुठे बघावं कळेना. "मामा," मी म्हणालो, "मागच्या वेळी मला सुट्टी होती. मी खोटं बोललो. या नखांची लाज वाटत होती."

त्यांनी माझा डावा पाय स्वतःच ओढून परातीत घेतला. पिवळ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग मान वर न करता म्हणाले, "आम्हाले वाटलं, तुम्हाले आमच्या हातांची लाज वाटते."