विमानात असलेला मुलगा

आमच्या घरी माझा चष्मा शेवयांच्या डब्यात राहायचा. एरवी तो माझ्या नाकावरच असे. पण मला बघायला कोणी येणार म्हटलं की आई तो काढून घ्यायची, रुमालात गुंडाळायची आणि डब्यात घालून झाकण घट्ट लावायची. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत पोरी कॉलेजात जात होत्या, सायकली चालवत होत्या, परीक्षेत पोरांच्या नाकावर टिच्चून पहिल्या येत होत्या. लग्नाच्या बाजारात मात्र चष्मेवाली पोरगी म्हणजे पोपटानं चोच मारलेला पेरू. "लग्न झाल्यावर घाल की हवा तेवढा," आई म्हणायची.

लग्न झाल्यावर काय होतं ते मी बघितलं होतं. माझ्या मावसबहिणीचं लग्न असंच चष्मा लपवून उरकलं. अंगावरची हळद उतरायच्या आत तिच्या ट्रंकेत चष्मा सापडला आणि सासूनं तो कपाटात घालून कुलूप लावलं. लोकांना कळता कामा नये, एवढंच कारण. तेव्हापासून ती चुलीपुढं चाचपडत भाकरी भाजायची, आणि रस्त्यात समोरून आलेल्यांना ओळख दाखवत नाही म्हणून गावात गर्विष्ठही ठरली. माझंही तसंच होणार, हे मी धरूनच चालले होते. आईला सांगितलं की ती म्हणायची, "सगळ्यांच्या सासवा तशा नसतात." जशी काही तिनं सगळ्यांच्या सासवा तपासल्या होत्या.

आणि बघायला येणारे? ते मला कधी दिसलेच नाहीत. चष्मा नसला की हातभर अंतरापलीकडचा माणूस म्हणजे मला नुसता डाग. एक पांढरा डाग आला, त्याला गाणारी मुलगी हवी होती. एक करडा, लांबट डाग आला, तो बँकेत होता. त्यानं माझी उंची विचारली, पोहे दोनदा घेतले आणि पुढं काही कळवलं नाही. एखाद्या डागानं मला पसंत केलं असतं, तर जन्म कोणाबरोबर काढायचा हे मला अक्षता पडल्यावर समजलं असतं. याला सगळे "बघण्याचा कार्यक्रम" म्हणायचे.

अशात दहिवडीकडच्या एका गावातून स्थळ आलं. "मुलगा विमानात आहे," एवढाच निरोप होता. पाकिस्तानशी युद्ध होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सातारा-सांगलीकडं घराघरांतून माणसं पलटणीत, त्यामुळं पलटणीचं कोणाला अप्रूप नव्हतं. पण विमानात! मुलगा एसटीत आहे म्हटलं तर आपण लगेच विचारतो, ड्रायव्हर की कंडक्टर? विमानात आहे म्हटल्यावर आमच्या वडिलांनी एकदा आभाळाकडं बघितलं आणि या म्हणून कळवून टाकलं.

ते तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले त्याचे चुलते. डोक्यावर पदर घेऊन मी पोह्यांचा ट्रे आणला. नेहमीप्रमाणे समोर डाग होते. पण मधल्या डागाला दोन मोठी काळी भोकं होती. मी दचकलेच. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "डोळे आलेत गं त्याचे. जवळ जाऊ नकोस."

आईचं चुकलं नव्हतं. नुकतीच डोळ्यांची साथ येऊन गेली होती आणि अख्खी सांगली काळे चष्मे लावून हिंडली होती. आमच्याकडं काळा चष्मा लावायची कारणं दोनच, एक डोळे येणं आणि दुसरं मोतीबिंदू काढणं. आईनं त्याचं फुलपात्र वेगळं ठेवलं आणि आतून गुलाबपाण्याची बाटली आणून त्याच्यापुढं ठेवली. "दोन-दोन थेंब घाला, आग कमी होते," ती मायेनं म्हणाली.

चुलते खवळले. "आवं ताई, डोळं न्हाई आलं त्येचं! पायलट चष्मा हाय त्यो. इमानातली मान्सं घालत्यात."

आई शरमली आणि तिनं गुलाबपाणी उचललं. मग परीक्षा सुरू झाली, अर्थात माझी. मुलाच्या आईनं कनवटीच्या पिशवीतून सुई-दोरा काढला आणि म्हणाली, "वव बरं पोरी." आता गंमत अशी, की लांबचं न दिसणाऱ्याला जवळचं लख्ख दिसतं. मी डोळ्यांपाशी नेऊन एका झटक्यात सुई ओवली. मग चुलत्यांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. घरचंच कॅलेंडर ते! वर लक्ष्मी, खाली साखर कारखान्याचं नाव, मधे महिना. मी भिंतीकडं तोंड करून पाढा म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं. माझे डोळे पास झाले. काळ्या काचांमागं काय आहे, हे मात्र कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.

वडिलांना आपलं काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी चष्म्याचंच विचारलं आणि मुलगा खुलला. आवाज चांगला होता, मऊ. पूर्वी विमानं उघडी असायची, तोंडावर वारा आणि इंजिनाचं तेल उडायचं, म्हणून वैमानिक कातडी पट्ट्याचे गॉगल बांधायचे. एक अमेरिकन वैमानिक इतका उंच गेला, की गॉगलवर बर्फ धरलं. काही दिसेना म्हणून त्यानं तो वर सारला, तर डोळेच गोठले. तरी त्यानं विमान खाली आणलं. "अगं बाई," आई कळवळली, "मग आले असतील त्याचे डोळे." पुढं हे हिरवट काचांचे चष्मे निघाले. वर आभाळाची तिरीप, खाली पायलटपुढच्या घड्याळांचे काटे. खाली बघतानाही डोळा झाकलेला राहावा म्हणून काच अशी गालावर ओघळलेली. "आणि प्रत्येक जोडीबरोबर एक डबी आणि एक फडकं द्यायचं," तो रंगात येऊन म्हणाला, "डबी परत आली नाही तर आमच्या स्टोअरला—"

"बास!" चुलते ओरडले. "प्वाहे खा."

एवढ्यात घरघर ऐकू आली. त्या दिवसांत उसावर औषध फवारायला कधीमधी एक लहान विमान यायचं, आणि ते आलं की हातातलं टाकून लोक अंगणात धावायचे. आम्हीही धावलो. गल्लीतली पोरं कौलांकडं बोटं दाखवत ओरडत होती. चुलत्यांना वाटलं, देवच पावला. पुतण्याच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "सांग की रं, कंच्या जातीचं इमान हाय?"

मुलानं कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि बराच वेळ बघितलं. "फार उंचावर आहे," तो म्हणाला. "ट्रेनिंगचं दिसतंय. आता वळण घेतंय बघा."

मीही वर बघितलं. तो बघत होता तिथंच, आभाळात एक काळपट डाग गरगरत होता. चुलत्यांनी मला विचारलं, "पोरी, तुला दिसलं का?" सुई आणि कॅलेंडरवर पास झालेली मी, गप्प कशाला बसू? म्हटलं, "दिसलं की. पंख किती छान आहेत!"

घरघर तर आमच्या पाठीमागून, कौलांवरून पार निघून गेली होती. मग मुलाची आई कपाळावर हात मारून म्हणाली, "आरं मुडद्या, ती घार हाय!"

पोरं खिदळायला लागली. आई घाईघाईनं म्हणाली, "उन्हानं डोळे दिपले हो पोरीचे." चुलते म्हणाले, "ह्येच्या चष्म्याची काच लय गडद हाय." दोघंही एकदम बोलत होते, आणि मला तिथं उभ्या उभ्या राग आला. राग त्यांचा नव्हता फक्त. मावसबहिणीच्या त्या कुलपाचा होता, शेवयांचा होता, इतक्या डागांपुढं निमूट पोहे ठेवल्याचा होता. मी आत गेले, डबा उघडला, रुमाल सोडला आणि चष्मा लावून परत अंगणात आले. काचेला शेवयांचा चुरा चिकटला होता, तो पदरानं पुसला.

आईनं भिंतीचा आधार घेतला. वडील आभाळाकडं बघू लागले.

"तुमचा कुठं आहे?" मी मुलाला विचारलं.

त्यानं चुलत्यांकडं बघितलं नाही. पायलट चष्मा काढून त्यांच्याच हातात दिला आणि शर्टाच्या खिशातून आपला काढला. बाटलीच्या बुडासारखी भिंगं! माझा म्हणजे त्याच्यापुढं साधी काच. "मी विमानात नसतो," तो म्हणाला. "हवाई दलाच्या स्टोअरमध्ये असतो. गॉगल, हातमोजे, बूट देतो लोकांना. डोळ्यांमुळं तेवढंच मिळालं. काकांनी सांगितलं, हा लाव आणि गप बस."

"म्हंजे पोरगी चष्मेवाली हाय तर!" चुलत्यांना अजून आशा होती. "फसवनूक हाय ही."

"व्हय," मुलाची आई म्हणाली, "आन तुमचा पायलट घारीला इमान म्हंतोय. गप बसा, भावजी." मग ती आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. "दोगं बी आंदळी. बरं हाय, एकमेकाला नावं ठिवायची सोय न्हाई. चष्मा ऱ्हाऊ दे गं डोळ्यावर. भाकरी करपलेली चालायची न्हाई मला."

मला रडू आलं, ते त्या बाईच्या बोलण्यानं. चष्म्याला कुलूप नाही, एवढंच मला त्यातलं ऐकू आलं होतं.

मग मी त्याच्याकडं बघितलं. रंग उन्हानं रापलेला, आणि डोळ्यांभोवती पायलट चष्म्याच्या आकाराची दोन गोरी वर्तुळं. बहुधा चुलत्यांनी बरेच दिवस सराव करून घेतला असावा. एक कान दुसऱ्यापेक्षा जरा पुढं. मिशीत पोह्याचा एक दाणा. भिंगांमागून बारीक झालेले, घाबरलेले डोळे, आणि ते माझ्याकडंच बघत होते. मला बघायला आलेल्या इतक्या माणसांत मला दिसलेला तो पहिला.