पाचव्या शीलाला गप्प

सकाळी चहाआधी सुगतची नव्वद मिली देशी, मग हात स्थिर. बशीतल्या चहावर दोनदा फुंकर. तार गुंडाळताना वेढे मोजत ओठ हलायचे, आवाज नाही. एसटीत जागा असली तरी उभा. रविवारी विहारात शेवटच्या रांगेत.

आणि पंचशील घेताना पाचव्याला गप्प. चार शीलं मोठ्यानं म्हणायचा. ‘सुरामेरय’, म्हणजे दारू न पिण्याचं शील, आलं की तोंड मिटलेलं. मी त्याच्याच गल्लीतला; एकदा विचारलं.

"चौथ्यात खोटं बोलणार न्हाई म्हणलो. लगेच पाचव्यात कसं बोलू?"

सुगत कंधारला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. वय तेहतीस. बायको, धम्मप्रिया, आठ महिने निलंग्याला माहेरी होती. तिची एकच अट होती: पाचवं शील सगळ्यांसमोर म्हणा, मी येते.

पौर्णिमेला तो ते म्हणाला. बाया वळून बघायला लागल्या. शेजारच्या सटवाजीकाकांनी फोनवर टिपून तिला पाठवलं. गुरुवारी येते, असं तिनं कळवलं.

हळूहळू कमी करू का, असं त्यानं मला विचारलं होतं. मी म्हणालो, थोडी थोडी सोडणं म्हणजे न सोडणं. मला ते वाक्य आवडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गल्लीत झोकांड्या खात आला. घामानं भिजलेला. अंगावरच्या मुंग्या झटकत होता. मुंग्या नव्हत्या. लोक हसले.

"तीन दिवस टिकलं बघा शील," सटवाजीकाका म्हणाले.

"न्हाई घेतली, काका."

"हाव, दिसून राहिलं की."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. तरी मी म्हणालो, वास न येणारीही मिळते.

उतरेपर्यंत पडू द्या, म्हणत काकांनी त्याला घरात ढकलून बाहेरून कडी घातली. आत भांडी पडली. मग काही नाही. मी कडी काढली नाही. संध्याकाळी उघडलं तेव्हा फेफरं येऊन गेलं होतं. जीभ चावली गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी दारू कधी बंद केली ते विचारलं. तीन दिवस झाले, मी म्हणालो.

"एकदम?"

रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं देऊन सोडवावी लागते, एवढंच ते म्हणाले. सुगत वाटेतच गेला होता.

धम्मप्रिया ठरल्याप्रमाणे आली. मोरीला दार नाही, ही तिची जुनी तक्रार. त्यानं पत्र्याचं दार करून आणलं होतं. वरची बिजागरी बसवली होती. खालची अजून कागदातच होती.