हरणाबाईचं तीर्थ

बहात्तरच्या दुष्काळात मिरजेच्या पूर्वेकडच्या एका गावात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली, आणि मिरजेच्या इस्पितळानं तिथल्या डॉक्टरीणबाईंबरोबर मला जीपमध्ये बसवून तिकडं धाडलं. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचो. सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन खड्ड्यांतून जाताना जीव मुठीत होता. माझ्या हाडांचं काही नाही, भिंग फुटलं असतं तर!

गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, मरीआईच्या देवळापुढच्या. देवीची पूजा हरणाबाईकडे होती. कपाळभर मळवट, खणखणीत आवाज, आणि सरपंचालाही 'मेल्या' म्हणायची मुभा. देवीला न्हाऊ घातलेलं पाणी ती तीर्थ म्हणून वाटायची. तिची सून अंजना रोज तीर्थ घेतल्याशिवाय चूल पेटवत नसे. तीच आता शाळेच्या खोलीत सलाईनवर पडली होती.

मंगळवारी साऱ्या गावाला तीर्थ मिळायचं होतं. डॉक्टरीणबाई नको नको म्हणून थकल्या. शेवटी मी चिडून म्हणालो, "आजी, तुमचं तीर्थच तपासू या."

"तपास की. आईला कशाचं भ्या?" तिनं तांब्या माझ्यापुढं आदळला.

जंतू वाढावेत म्हणून ते पाणी मी सकाळी एका द्रावणात घातलं. दिवस कलल्यावर त्यातला थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली धरला, पाहिला आणि हरणाबाईला हाक मारली. तिनं डोळा लावला. काळ्याभोर जागेत चमकते बारीक जीव सैरावैरा धावत होते.

"आगं बया! ही तर जत्राच भरलीया. लय चपळ हायती रं!"

ते पटकीचेच का, हे ओळखायला मी दुसऱ्या बाटलीतल्या, फक्त पटकीच्याच जंतूंना जखडणाऱ्या द्रवाचा एक थेंब काचेवर सोडला. धावणारे जागच्या जागी थबकले. पूर्वी एवढं कळायला दिवस लागायचे. इथं देवळाच्या पायरीवर, ऊन असेतोवर कळलं. मी हे कैकदा पाहिलं होतं, तरी त्या दिवशी अंगावर काटा आला.

"थांबली! ह्योच थेंब अंजनाला पाज की! कळशीत टाक, गावाला वाटते!"

"आजी, हे औषध नव्हे. हे पटकीचेच जंतू, एवढंच यानं कळतं."

"मंजी... आईच्या तीर्थात हुती ही?"

"विहिरीत होते, तेच पाणी तीर्थात आलं. आजाऱ्यांची धुणी तिच्याच काठावर धुतात ना."

ती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. "ह्याच हातानं रोज पाजलं म्या तिला." ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी गाव जमलं. मला वाटलं, म्हातारी देवीचा कौल सांगून वेळ मारून नेईल. तिनं देवळापुढं तीन दगड मांडून पाणी खळखळा उकळवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माज्या तीर्थात पटकी निघाली. म्या डोळ्यानं बघितली. सुनंला म्याच पाजली. आजपासनं आईची आंघूळ उकळल्या पाण्यानं. तुमी बी उकळूनच प्या."

 मी थक्क होऊन बघत होतो. एवढं बळ या बाईत कुठून आलं, मला आजही कळलेलं नाही.

संध्याकाळी अंजनानं डोळे उघडून पाणी मागितलं. हरणाबाईनं उकळून गार केलेल्या पाण्याचं फुलपात्र माझ्या हातात दिलं. "तू दे रं. माजा हात नगं."

मी फुलपात्र पुढं केलं. अंजनानं तोंड फिरवलं.

"आत्या," ती सासूकडं बघत पुटपुटली, "तुमी द्या."

म्हातारीनं फुलपात्र तिच्या ओठांना लावलं. निम्मं पाणी उशीवर सांडलं. उरलेलं अंजना थेंबही न ठेवता प्यायली.