मिस्त्रींचा शेक

"भूक मारायची न्हाई, भूक पिऊन टाकायची!" असं म्हणून आमचे मिस्त्री स्वतःच्या पोटावर थाप मारायचे. ट्यूबमध्ये हवा किती आहे ते बघावं, तशी ती थाप. मग समोरच्याच्या पोटाकडे बघून गंभीरपणे म्हणायचे, "तुमची हवा जरा जास्ती झाली, भाऊ."

तेलगावात त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही. हिंदू असो, मुसलमान असो, सगळ्यांचे ते मिस्त्रीच.

कधीकाळी ते इतके जाड झाले होते, की ट्रॅक्टरखाली सरपटत शिरणं जमेना. कुणा पाहुण्यानं त्यांना शेकचा डबा दिला. पावडर पाण्यात घुसळायची आणि जेवणाऐवजी प्यायची. मिस्त्री खरोखर उतरले. पुन्हा ट्रॅक्टरखाली शिरू लागले. त्यांना झालेला आनंद त्यांच्या एकट्याच्या पोटात मावेना, म्हणून ते तो गावाला वाटायला निघाले.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. रोज सकाळी गॅरेजपुढं बाकडं मांडलं जाई. ग्रीसनं काळे झालेले हात घासूनपुसून मिस्त्री विचारत, "आंबा का चॉकलेट?" दोन्हींची चव एकच लागायची. मीही प्यायचो. कुणाचं डोकं दुखलं, कुणाला गरगरलं, तर ते शेकवाल्या कंपनीच्या शहरातल्या बैठकीत ऐकून आलेलं वाक्य सांगत: "त्रास व्हतोय म्हंजे घाण भायेर पडतीया. चांगलं हाय!"

समोर आक्कांची खानावळ होती. आक्का विधवा बाई, एका लेकीच्या जोरावर पंचवीस-तीस माणसांच्या भाकरी थापायच्या. तरुणपणापासून त्यांना साखरेचा आजार. इन्शुलिनची सुई घेतल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. मिस्त्री दुपारी त्यांच्याकडेच जेवत. आक्कांचे गुडघे धरायचे, त्यांना उठता-बसता त्रास व्हायचा. ते बघून मिस्त्रींचा जीव तुटायचा.

"आक्का, येक महिना माझं ऐका. गुडगं पळायला लागतील."

"अवो, माझं सुईचं दुखणं हाय. मला चालंल का?"

"कावून न्हाई चालणार? पावडरच हाय. औषध थोडंच हाय?"

आक्कांनी ऐकलं. सुई नेहमीएवढीच घेतली आणि भाकरीऐवजी शेक प्यायल्या. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. लेक धावत गॅरेजवर आली. मीही तिथंच होतो.

"मामू, आई कसंतरीच बोलतीया."

मिस्त्री हसले. मला ते हसू अजून दिसतं. "भिऊ नगं, पोरी. घाण भायेर पडतीया. जरा पडू दे तिला."

थोड्या वेळानं समोरून किंकाळी आली. आक्का बेशुद्ध झाल्या होत्या. दुरुस्तीला आलेल्या एका जीपमध्ये त्यांना घातलं आणि मिस्त्रींनी ती माजलगावच्या दवाखान्यापर्यंत अशी हाणली, की बोलायची सोयच नव्हती.

शिरेतून साखरेचं पाणी गेल्यावर आक्कांनी डोळे उघडले. डॉक्टर तरुण होत्या, चिडल्या होत्या. म्हणाल्या, "सुईचा डोस जेवणाच्या हिशोबानं असतो. जेवण कमी केलं आणि सुई तेवढीच ठेवली, तर साखर खाली कोसळते. मनानं सुई बंद केली, तर तेही जिवावर बेततं. इन्शुलिन घेणाऱ्यानं असलं काही करायचं तर डॉक्टरांना विचारून, डोस बदलून, रोज साखर तपासून. ही पावडर दिली कुणी?"

आक्का क्षीण आवाजात म्हणाल्या, "म्याच आणली, बाई. दुकानातून."

मिस्त्री दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभे होते. आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती. तिथूनच त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "न्हाई मॅडम. म्या दिली. आन् पोरगी सांगत आली, तवा म्या हसलो."

दुसरं वाक्य त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

गॅरेजपुढचं बाकडं गेलं. उरलेली पावडर त्यांनी गटारात ओतली. पण ज्यांना डबे दिले होते ती माणसं तर गावोगाव होती. मिस्त्री मोटरसायकल काढून एकेकाच्या दारात जाऊ लागले, पार नांदूरघाटपर्यंत. "घरात कुणी सुई घेतं का? घेत आसंल तर हे बंद करा, डाक्टरला इचारा. म्या न इचारता दिलं. चुकलं माझं." कुणी चहा पाजला. कुणी शिव्या दिल्या. एकानं म्हणे तोंडावर दार लावलं. परत आल्यावर हे सगळं ते एकाच आवाजात सांगायचे.

समोरच्या खानावळीत मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही. आक्का बऱ्या होऊन पुन्हा भाकरी थापू लागल्या, तरी हे दुपारी बिस्किटं खात. शेवटी एक दिवस आक्काच गुडघे धरत रस्ता ओलांडून आल्या. मिस्त्री घाईघाईनं ट्रॅक्टरखाली शिरले. बाहेर नुसते पाय राहिले.

आक्का त्या पायांशी बोलू लागल्या. "मिस्त्री, जेवायला चला."

"नट आवळतोय."

"कवाधरनं आवळताय? म्या काय म्हनले का तुमाला कदी?"

"त्येच तर लई अवघड हाय, आक्का," खालून आवाज आला. "शिवी दिली आसती तर आलो आसतो."

आक्कांनी पदर खोचला. मग ठासून म्हणाल्या, "मेल्या, ऊठ. भाकर गार व्हतीया."

मिस्त्री बाहेर आले. डोळ्यांना ग्रीस लागल्यासारखा हात फिरवत त्यांच्यामागून गेले.

नंतर मिस्त्रींच्या पाठीनं दगा दिला. त्यांच्या लेकीनं त्यांना बीडला आपल्याकडे नेलं. गॅरेजमध्ये आता मोबाईलचं दुकान आहे.

मला ते शेवटचे दिसले नारायणगडाच्या जत्रेत. जत्रेतल्या पाळण्याचं इंजिन बिघडलं होतं, म्हणून कुणीतरी जुन्या ओळखीनं त्यांना बोलावलं होतं. मी हाक मारणार होतो, पण ते निराळ्याच जागी उभे होते. टाय लावलेला एक माणूस शेकचे डबे घेऊन बसला होता आणि त्याच्यापुढं गर्दी होती. मिस्त्री टोपी हातात घेऊन, कंबरेत वाकून, येणाऱ्या प्रत्येकाला हलक्या आवाजात विचारत होते, "माफ करा, तुमी सुई घेता का?"

"चाचा, तुमी डाक्टर हाय का?" टायवाला खेकसला. लोक हसले.

मिस्त्रींचे कान लालबुंद झाले. ते बाजूला सरकतील असं मला वाटलं. पण ते तिथंच उभे राहिले आणि रांगेतल्या पुढच्या बाईकडे वळले.