राहिलेलं कडवं

मामाच्या मते ज्या गाण्याला नावाचं कडवं नाही ते गाणं बेवारशी. आमच्याकडच्या गायन पार्ट्यांची ही जुनी रीत आहे. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव आलंच पाहिजे. मामा तरुणपणी अशाच एका पार्टीत ढोलकी वाजवायचा, गाणीही जोडायचा. पुढे पार्टी मोडली, ढोलकी खुंटीला लागली, पण गाणी जोडायची खोड काही गेली नाही.

माझं खूळ वेगळं. आम्ही चौघं फंक वाजवतो. जालना म्हणजे सळईच्या कारखान्यांचं गाव, इथे फंक म्हटलं की लोकांना लोखंडी सळईची नवी जात वाटते, म्हणून मी समजावून सांगायचं सोडून दिलंय. माझ्याकडे बास गिटार असते, जाड तारांची. पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी मिळून जोर द्यायचा आणि मग मधल्या जागा मोकळ्या सोडत ऐकणाऱ्याला हलवायचं, थोडक्यात असं ते संगीत. जुन्या जालन्यात एका कापडाच्या ठोक दुकानावरची खोली आम्ही भाड्याने घेतली आहे. खाली जागा पुरत नाही म्हणून दुकानदार कापडाचे तागे वर आमच्याच खोलीत रचतो, आणि त्यामुळे आवाज घुमत नाही. गाणं आम्हीच रेकॉर्ड करायचं, आम्हीच नेटवर टाकायचं, मध्ये कुणी कंपनी नाही. गाण्यांत प्रेमबीम नसतं. नळ, गटार, रखडलेली भरती, जात, असलं काय काय असतं. "नाचायच्या चालीवर रडगाणं," असं माझी आई म्हणते. तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

मामाचं गाव वाटूरकडे जाताना आत वळलं की लागतं. आमची बौद्ध वस्ती नाल्याच्या अलीकडे, मसणवाटा पलीकडे. नाल्यात न उतरता जायचं तर एका मोठ्या शेतकऱ्याने नाल्यावर घातलेल्या रुंद बांधावरून जावं लागतं. गाव त्यांना आबा म्हणतं. मामाचं शेतही त्याच वाटेवर. आबा माणसांना अडवत नाहीत, मामाची बैलगाडीही जाऊ देतात. पण माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, वारले तेव्हा आबांचा निरोप आला की तिरडी बांधावरून न्यायची नाही. पावसाळा होता. आजोबांना नाल्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून न्यावं लागलं, आणि पुढच्या खांद्याला मामा होता.

त्यावर त्याने गाणं जोडलं. जित्याला वाट आहे, कारण तो कामाला जातो. मेला की वाट बंद, मग त्याला नाल्याचं पाणी. एवढंच गाणं, पण ऐकल्या ऐकल्या मी ते त्याच्याकडून मागून घेतलं.

ते गाणं आम्ही फंकमध्ये बसवायला घेतलं तेव्हा मामा ढोलकी घेऊन ताग्यांवर येऊन बसला. आधी त्याला काहीच पटेना. "ठेका मधीच काहून सोडून देऊन राह्यले?" दोनदा, तीनदा ऐकलं आणि मग एकदम म्हणाला, "हां, बराबर हाये. नाल्यातून चालताना असंच होतं. पाय टेकंपर्यंत भरोसा नसतो." मग त्याने असा काही हात सोडला की आमचा ड्रमवाला वाजवायचं विसरून त्याच्याकडे बघत बसला. शेवटी रीतीप्रमाणे नावाचं कडवं आलं. आमच्या गायकाने मामाचं नाव घेतलं, गावाचं घेतलं. मामा मान खाली घालून हसत होता, नव्या नवरदेवासारखा.

गाणं जालन्यातल्या फोनांत फिरलं आणि फिरत फिरत गावात पोचलं. तेवढ्यात जयंती आली. वस्तीतल्या लोकांनी आम्हाला गाण्याच्या कार्यक्रमाला बोलावलं. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. आम्ही सकाळीच सामान घेऊन गेलो.

मामी मला चुलीपाशी घेऊन गेली. मामी फार बोलत नाही आणि माझ्याकडे तिने आजवर काही मागितलेलं नव्हतं.

"पोरी, ते नावाचं कडवं आज म्हणू नका."

"का गं?"

"आबा घरी आल्ते, गाणं कोनाचं म्हणून इचारायला. म्या सांगितलं, जालन्याच्या पोरांनी असंच नाव घुसडलं, यांना पत्ता बी न्हाई. ते म्हणले, असं असंन तं ठीक हाये. आज ते स्टेजवर बसणार हायेत. त्यांच्या तोंडावर नाव घेतलं तं मंग वाट गेली. पेरनीला गाडी कुठून न्यायची? बियानं, खत डोक्यावर न्यायचं का?"

"मामाला माहीत आहे?"

"सांगू नको. नाव न्हाई घेनार म्हण. शब्द दे मला."

मी शब्द दिला. मला तो देताना राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. मामी तव्यावरच्या भाकरीला हाताने पाणी लावत होती. मग मी गायकाला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपलं गाणं बेवारशी," आणि तोंड पाडून बसला.

संध्याकाळी दिवे लागले. आबा दर वर्षी जयंतीला यायचे, हार घालून घ्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि जायचे. गावात सगळं गोडीगुलाबीने चाललंय हे दाखवायला ते सगळ्यांनाच बरं पडायचं. या वर्षी हार घालून झाला तरी ते उठेनात. माझ्यापासून हाताच्या अंतरावर खुर्चीत, मांडीवर हात ठेवून शांत बसून राहिले. मला त्यांच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास येत होता.

आम्ही वाजवायला सुरुवात केली. वस्तीतली पोरंसोरं पहिल्याच ठोक्याला उठून नाचायला लागली, बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मामा स्टेजवर यायला नको म्हणाला होता, तो समोर सतरंजीवर पहिल्या रांगेत बसला होता, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून. नाल्याचं कडवं आलं तेव्हा नाचणारे आपोआप थांबले. ते पाणी सगळ्यांच्याच ओळखीचं होतं. मी आबांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. त्यांचा चेहरा तसाच होता, लग्नात पाहुणा बसतो तसा.

त्यापुढे नावाचं कडवं. गायकाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि आम्ही तिथेच गाणं संपवलं. टाळ्या पडल्या. मामाची बोटं मात्र गुडघ्यावर चालूच होती. ती मग हळूहळू थांबली.

आबा उठले. त्यांनी गायकासमोरचा माइक स्वतःकडे वळवला.

"झ्याक झालं गाणं," ते म्हणाले. "लिवलं कोनी, ते काही कळलं न्हाई. तुम्ही पोरांनीच का?"

आवाजात जराही धार नव्हती. हो म्हटलं की विषय संपत होता. सगळ्यांची सोय झाली असती. गायक माझ्याकडे बघायला लागला.  बायकांच्या घोळक्यातून मामी माझ्याकडेच बघत होती आणि अगदी बारीक मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण.

"म्या," मामा म्हणाला.

तो उठून उभा होता. त्याच्याजवळ माइक नव्हता, पण त्या शांततेत त्याची गरजही नव्हती.

"म्या लिवलं, आबा. अन् ते अजून संपलं न्हाई. एक कडवं राह्यलं." मग तो माझ्याकडे वळला. "वाजव."

मला आधी मामाचाच राग आला. मामीने किती जपून एक भोक बुजवलं होतं आणि या माणसाने भर सभेत तिथंच पहार घातली. मग त्याचा चेहरा बघितला आणि राग टिकेना. आजोबांना खांदा देताना तो असाच दिसला असणार. मी मामीकडे बघितलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी जाड तार ओढली. पहिला ठोका एकटाच पडला, दुसऱ्याला ड्रम आला, आणि गायकाने मामाचं नाव घेतलं, गावाचं घेतलं.

आबा शेवटपर्यंत उभे राहिले. कडवं संपल्यावर त्यांनी गळ्यातला हार काढला, खुर्चीवर व्यवस्थित ठेवला, सगळ्यांना हात जोडले आणि पायऱ्या उतरून गेले. कुणी टाळी वाजवली नाही.

सकाळी बांधाच्या तोंडाला बाभळीच्या ओल्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. मामा त्यांच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. हात लावला नाही. बैल दावणीला होते ते तसेच ठेवून तो नाल्याकडे निघाला, चालत.

मामीने भाकरी फडक्यात बांधली आणि त्याच्या मागोमाग निघाली.  मीही तिच्या मागे गेले. नाला कोरडा पडलेला होता, नुसते गोटे. पाय मुरगळेल असे ते सरकत होते. ती सवयीने चालत होती, मी ठेचकाळत होते.

"मामी, मी शब्द दिला होता."

"दिल्ता," ती म्हणाली. "मोडला."

 पलीकडच्या काठावर चढताना ती थांबली, माझ्याकडे वळली आणि हाताने नाल्यात एक जागा दाखवली.

"पेरनीच्या वख्ती इथं पानी राहतं. तवा ये. गानं म्हणायला नको, गाडी ढकलायला. त्या तिघांना बी घेऊन ये."

मी हो म्हणाले. या वेळी तिने माझ्याकडून शब्द मागितला नाही.